चौदाव्या रांगेतली आठ नंबरची खुर्ची

एडमंटन,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय विजू,

गेला एकदाचा! कोच हावरीलक गेला. मंगळवारी कॉलेजची ईमेल आली, दोन ओळींची. पहिल्या ओळीत कोचचे आभार आणि दुसऱ्या ओळीत टीमचे. म्हणजे सेंट बर्निस कॉलेजात पुढच्या वर्षीपासून फुटबॉलच नाही. खेळाडूंना दुसरं कॉलेज शोधा म्हणून सांगितलंय आणि आपल्यासारख्यांनी आता कुठे जायचं ते कुणी सांगितलेलं नाही.

नऊ सीझन, बहात्तर मॅचेस, त्यातल्या अकरा जिंकल्या. तू इथे असतीस तर म्हणाली असतीस, पद्मा, दहा म्हण, एक समोरच्यांची बस बर्फात अडकली म्हणून मिळालेली. बरं बाई, दहा.

सहा दिवाळ्यांची सहा कार्डं पाठवली तुला, एकाचं उत्तर नाही. ऊर्मी सांगते की आई ती वाचते आणि ड्रॉवरमध्ये ठेवते. फेकत नाहीस, एवढ्यावर माझं चाललंय. कार्डात मावण्यासारखं आता काही उरलं नाही, म्हणून हे पत्र.

कॉलेज स्टँड पाडणार आहे. जुन्या तिकीटवाल्यांना आपापल्या खुर्च्या घेऊन जा म्हणाले. मी चौदाव्या रांगेतल्या सात आणि आठ दोन्ही सोडवून आणल्या. तुझी आठ नंबरची माझ्या गॅरेजमध्ये आहे, विंटर टायर्सच्या शेजारी. तू ओटावाला गेल्यापासून दर वर्षी मी दोन्ही तिकिटं काढत होते, हे तुला ऊर्मीने सांगितलं असेल. नसेल तर मी सांगते. लोक विचारायचे, इथे कुणी बसलंय का? मी सांगायची, वॉशरूमला गेलीय. सहा वर्षं तू वॉशरूममध्ये आहेस विजू, लोकांना तुझी काळजी वाटत असणार.

आठवतं का, एक्क्याण्णव साली आपण पहिल्यांदा गेलो ते? मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये, तू रजिस्ट्रार ऑफिसात, स्टाफला पास फुकट म्हणून गेलो. फुकट ते पौष्टिक! चेंडू हातात घेऊन तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, एवढंच आपल्याला कळलं होतं आणि त्या एवढ्यावर आपण घसा बसेपर्यंत ओरडलो. पुढे तुझा जयदीप त्याच मैदानावर खेळला आणि नंतर तिथेच असिस्टंट कोच झाला. मंडळात कुणी विचारलं की मुलगा काय करतो, तर तू आधी एक सेकंद थांबायचीस आणि मग मान वर करून सांगायचीस.

तुझा राग मला कबूल आहे. ज्या माणसाने जयदीपला काढलं, त्याच माणसाला मुदतवाढ मिळावी म्हणून मी सह्या गोळा केल्या. कॉलेजने तिकीटवाल्यांचं मत मागवलं होतं, मी उत्साहात मंडळाच्या गणपतीत पॅड घेऊन उभी राहिले. तो पुढे जयदीपच्या मुळावर उठेल हे मला तरी काय माहीत?

ऊर्मी म्हणाली की जयदीप अजून तुझा फोन उचलत नाही. तू स्वतःलाच बोल लावतेस म्हणे, की त्याची नोकरी गेली तेव्हा तू त्याला ‘आता खेळ पुरे, नीट काहीतरी बघ’ म्हणालीस, त्याने तो तुटला. अगं, आई एवढं बोलणारच! एवढ्यावर कुणाचा मुलगा तुटत नाही. तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.

तुझी,
पद्मा


एडमंटन,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय विजू,

काल दुपारी चर्चच्या बेसमेंटमध्ये आम्हा फॅन लोकांची बैठक झाली. लॉरेन, आपल्या फॅन क्लबची अध्यक्ष, म्हणाली की प्रत्येकाने कोच हावरीलकची एक आठवण सांगायची. बाहेर उणे अठरा, आत कॉफी आणि टिमबिट्स, ते डोनटचे गोळे, आणि सत्तावीस म्हातारे. दहाव्याला जमल्यासारखे बसलो होतो.

टेरीने सुरुवात केली. आठवतो ना, सिटीची बस चालवायचा तो? त्याने ती ‘एका पॉइंटची’ मॅच सांगितली. आपण एकतीस-तीनने हरत होतो, शेवटचं मिनिट, सगळं स्टेडियम ओरडतंय की आता तरी काही कर रे बाबा. आणि कोचने काय केलं तर लांब किक मारून एक पॉइंट घेतला. एकतीस-चार! वर हात उंचावून नाचला. टेरी सांगता सांगता हसत होता आणि मग हसताना त्याला रडू फुटलं, चाळीस वर्षं त्याने एकही होम मॅच चुकवलेली नव्हती. कुणी सांगितलं की कोच प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर ‘पाया घालतोय’ म्हणायचा. नऊ वर्षं पायाच घालत होता मेला, आता वरून बुलडोझर.

मग एक बाई म्हणाली की जयदीप असताना निदान समोरच्यांना अडवणारी लाइनची पोरं उभी राहायची तरी. ‘त्याला का काढलं कळलंच नाही,’ असं म्हणाली. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, पण मला वाटलं की सगळे बघतायत. चोराच्या मनात चांदणं.

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं की मिलिंद गेला त्या फेब्रुवारीत कोच तेराव्याला आमच्या घरी आला होता. उणे एकतीस होतं. बूट काढून, बेसमेंटच्या कार्पेटवर, त्या मोडक्या गुडघ्यांनी पंगतीत बसला आणि हाताने वडे खाल्ले. त्यानंतर एप्रिलपर्यंत बर्फ पडला की सकाळी माझा ड्राइव्हवे शोव्हल केलेला असायचा. बेल वाजवायचा नाही, गाडीचा नुसता आवाज यायचा. तिसऱ्या प्रयत्नाला काय करायचं ते त्याला आयुष्यात कळलं नाही, पण बाई एकटी राहिली की काय करायचं ते कळत होतं. म्हणून मी त्याच्यासाठी सह्या गोळा केल्या, असं मी चारचौघांत सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते बरंच झालं.

निघताना लॉरेनने एक फाइल हातात ठेवली. कॉलेजच्या ऑफिसातून कचऱ्यात चालली होती, आठवण म्हणून तुझ्याकडे ठेव म्हणाली. २०१८च्या गणपतीतल्या त्या सह्या. एकशे त्रेचाळीस! त्यातल्या सहा जणांना तरी फुटबॉलचा चेंडू लांबट असतो हे माहीत असेल का? प्रसादाच्या रांगेत उभे होते, पद्माताईंनी पॅड पुढे केलं, केली सही.

विजू, एकसष्टावी सही तुझी आहे.

मला कालच दिसली. गर्दीत केली असशील, मलाही कळलं नसेल. लिहू की नको असं रात्रभर झालं. पण लिहिलं.

पद्मा


एडमंटन,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय विजू,

तुझं पत्र आलं. सहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजून तसंच, रजिस्ट्रार ऑफिसच्या फॉर्मसारखं, डावीकडे समास सोडून. चारच ओळी. तीन वेळा वाचल्या.

तू दोन प्रश्न विचारलेस. एक, ‘तू तर मला ते पुढच्या वर्षीच्या हॉलच्या बुकिंगचं म्हणाली होतीस ना?’ आणि दोन, ‘ही यादी जयदीपने पाहिली होती का?’

दोन्हीचं उत्तर हो.

आता क्रमाने सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा धीर होणार नाही. मागच्या दोन पत्रांत मी जे लिहिलं त्यातलं बरंचसं खोटं आहे. तुझी सही मला ‘काल’ दिसली नाही. ती झाली तेव्हा पॅड माझ्याच हातात होतं.

आणि पुढे काय होणार ते मला माहीत होतं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जयदीप माझ्याकडे थालीपीठ खायला आला होता. ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, ‘काकू, कोचचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही तर स्पोर्ट्स डिरेक्टर मला टीम देणार आहे. ऑल्मोस्ट पक्कं आहे. आईला सांगू नका, उगाच होप्स वाढतील.’ त्याला एवढा आनंद झाला होता की तो पाचवं थालीपीठ मागायलाच विसरला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ‘होईल हो सगळं चांगलं’ म्हणाले. आणि तीन आठवड्यांनी पॅड घेऊन गणपतीत उभी राहिले.

का केलं? सात वर्षं मी स्वतःला सांगतेय की कोचचे उपकार होते. होतेच. पण विजू, मिलिंद गेल्यावर तू माझ्याकडे बारा दिवस राहिलीस. माझे केस विंचरलेस, डाळ वाटलीस, मला अंघोळीला पाठवलंस. ते मी उपकारात धरलंच नाही. घरच्या माणसाचं कोण धरतं? परक्याने चार वेळा बर्फ काढला ते डोक्यावर घेऊन नाचले. शिवाय मला वाटलं, जयदीप तरुण आहे, त्याला अजून संधी मिळतील, ह्या म्हाताऱ्या कोचला कोण विचारणार? असं मी तुझ्या मुलाचं वाटून टाकलं, जसं काही माझंच होतं.

आता सही. तू आरतीनंतर रांगेत आलीस. मला वाटलं होतं तू प्रसाद घेऊन पुढे जाशील. तू थांबलीस आणि म्हणालीस, ‘कसली सही गं? आण.’ नाही म्हणायला हवं होतं, तुला नको, तू जा, एवढंच. पण मागे चार बायका उभ्या होत्या, नाही म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस का, आणि का म्हटल्यावर वरचं वाचलं असतंस. म्हणून मी वरचा मजकूर मागे दुमडला. अंगठ्याने दाबून धरला. ‘पुढच्या वर्षीच्या हॉलचं बुकिंग,’ म्हणाले.

तू वाचलंच नाहीस. तू! जिने पस्तीस वर्षं मुलांचे फॉर्म एका रिकाम्या चौकोनासाठी परत पाठवले. जी शिऱ्याच्या पाकिटामागची कृती दोनदा वाचते. आयुष्यात न वाचता एक सही केलीस, ती पॅड माझ्या हातात होतं म्हणून.

मुदतवाढ मिळाली. जानेवारीत कोचने सगळ्या अपयशाचं खापर जयदीपवर फोडून त्याला काढलं. तो डिरेक्टरकडे भांडायला गेला, तर त्याने ती यादी पुढे टाकली. बघ, म्हणाला, लोकांना कोच हवाय, तुझ्या आईलासुद्धा.

जयदीप तिथून सरळ माझ्याकडे आला. मी ड्राइव्हवेमध्ये शोव्हल घेऊन उभी होते. त्याने गाडी बंदही केली नाही. काच खाली करून विचारलं, ‘काकू, आईला माहीत होतं ती कशावर सही करतेय?’

तेव्हा मी एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या आणि घरी जाऊन तुझ्या हातचं जेवला असता. मी म्हणाले, ‘मला काय विचारतोस? तुझी आई कधी न वाचता सही करते का?’

त्याने काच वर केली. तुला तो कधी विचारणार नाही हे मला माहीत होतं, तो तुझ्यावरच गेलाय, दुखलं की तोंडाला कुलूप. आणि तू ओटावाला जाऊन सहा वर्षं त्या एका ‘खेळ पुरे’ म्हणण्याला कवटाळून बसलीस, आणि मी तुला मागच्या महिन्यात लिहिते की स्वतःला त्रास करून घेऊ नकोस! काय तोंडाने लिहिलं मी ते? तुझं काहीही चुकलं नव्हतं. काहीही नाही. ईरा पाच वर्षांची झाली, तू नातीला एकदाही मांडीवर घेतलं नाहीस, ते माझ्या त्या दुमडलेल्या कागदामुळे.

क्षमा मागत नाही. मागायची तरी कशाच्या जोरावर?

पद्मा


एडमंटन,
१८ जानेवारी २०२६

प्रिय विजू,

ऊर्मीच्या फोनवरून तुझा निरोप मिळाला. तीनच शब्द. ‘जयदीपला तू सांग.’ बरोबर आहे. जिने लावलं तिनेच निस्तरायचं.

मी नंबर तुझ्या सुनेकडून, कृतिकाकडून घेतला. दोन आठवड्यांपूर्वी रविवारी दुपारी लावला, ब्रॅम्पटनला तेव्हा तीन वाजले असतील. ट्रकिंग कंपनीत डिस्पॅचला असतो तो आता, पण रविवारी घरी असतो असं ती म्हणाली. त्याने उचलला. आवाज जाड झालाय, अगदी बापासारखा, नंदनभावजींसारखा. मी नाव सांगितलं. मागून ईराचा आवाज आला, ‘हू इज इट, बाबा?’ आणि तो म्हणाला, ‘नोबडी, बेटा. समवन फ्रॉम एडमंटन.’

मी सगळं सांगितलं. थालीपीठापासून. काही गाळलं नाही, काही सारवलं नाही. मी म्हणाले, ‘तुझ्या आईने वाचलं नव्हतं रे. मी कागद दुमडून धरला होता.’

मग त्याने विचारलं, ‘काकू, आईने सांगितलं ना तुम्हाला फोन करायला?’

विजू, ह्या फोनवर एकही खोटं बोलायचं नाही असं मी देवापुढे हात जोडून ठरवलं होतं. तुझा निरोप समोर, कॅलेंडरवर लिहिलेला होता. मी म्हणाले, ‘हो.’

तो हसला. वाईट नाही हसला, थकलेला माणूस हसतो तसं. ‘आय थॉट सो,’ म्हणाला. ‘काकू, मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आई न वाचता सही करत नाही.’

‘खोटं बोलले मी तेव्हा.’

‘मग आत्ता खरं बोलताय हे मी कसं समजू? सेव्हन इयर्स, काकू. आता कोच गेला, टीम गेली, कुणाचं काही जाणार नाही, तर तुम्ही तिच्यासाठी सगळं अंगावर घेताय. दॅट्स नाइस ऑफ यू. तुम्ही दोघी नेहमी एकमेकींसाठी तशाच होतात.’

मी ओरडले गं त्याच्यावर. म्हटलं, मी तुझ्या आईसाठी काही केलेलं नाही रे गाढवा, आयुष्यात केलं नाही, तोच तर घोळ आहे! तो म्हणाला, ‘इट्स ओके. तिला सांगा, मी रागावलेलो नाहीये. आय जस्ट डोन्ट थिंक अबाउट इट.’ आणि ईराला स्केटिंगला न्यायचंय म्हणाला आणि फोन ठेवला. मी परत लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी लावला. आता रिंगसुद्धा जात नाही.

नंतर मी पोस्टाने लिहून पाठवलं. कृतिकाचा मेसेज आला की पाकीट आलं, त्यांनी न उघडता ठेवलंय. ती पोर बरी आहे, पण ती तरी काय करणार?

बैल गेला आणि झोपा केला. आता तू त्याला स्वतः म्हणालीस की मी वाचलं नव्हतं, तरी तो मानणार नाही. त्याची आई वाचते, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, आणि ऐन वेळी ते मी त्याच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं. तुझ्या चांगल्या गुणाचाच मी तुझ्याविरुद्ध पुरावा केला.

काल स्टँड पाडला. मी गेले होते. टेरी आला होता, लॉरेन आली होती, आणखी चारपाच जण. कोच हावरीलकसुद्धा आला होता, लांब पार्किंगमध्ये ट्रकला टेकून उभा होता. मला बघून टोपी काढली. विचारलं, ‘पॅडी, हाऊज युवर ड्राइव्हवे?’ मी म्हटलं, एक मुलगा येतो मशीन घेऊन. मला त्याच्यावर राग काढायचा होता, पण काढू कशाचा? त्याला त्या कागदाची घडी माहीतच नाही. तो नुसता वाईट कोच होता. फार फार तर भित्रा.

ह्या पत्रासोबत त्या यादीचं मूळ पान पाठवते आहे. वरून तीन बोटांवर घडी आहे बघ, अजून मोडत नाही. तुला वाटलं तर जयदीपला पाठव. पण घडी कुठल्याही कागदाला पडते, एवढं त्याला कळतं.

तुझी खुर्ची गॅरेजमध्येच आहे. मी तिच्यावर काही ठेवत नाही. माझं वय त्र्याहत्तर, हे घर ह्या उन्हाळ्यात विकायचं चाललंय, मग खुर्चीचं काय करायचं ते मला माहीत नाही. ये असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही.

पान नेहमीसारखं दोनदा वाच. ह्या वेळी वरचा भाग उघडा आहे. खाली माझी सही केली आहे, ती मी सगळं वाचून केली आहे.

पद्मजा